क्वीन मेरी २, डागडुजीनंतर: साउदम्प्टन ते न्यू यॉर्क

२०१६ च्या मे-जूनमध्ये क्युनार्ड कंपनीची अटलांटिक ओलांडणारी प्रवासी बोट ‘क्वीन मेरी २’ हॅम्बर्गच्या ब्लोम अँड फॉस गोदीत २५ दिवस उभी होती. त्यात एकट्या प्रवाशांसाठी १५ केबिनी नव्याने घातल्या, डेक १३ वर बाल्कनीवाल्या ३० केबिनी चढवल्या, कुत्र्यामांजरांसाठी १० पिंजरे वाढवले, बुफेची मांडणी मुळापासून बदलली आणि ‘विंटर गार्डन’ नावाची एक फसलेली खोली कायमची घालवली. जुनी बोट पाहिलेल्या माणसाला पुन्हा चढताना एकच धास्ती असते: रंगरंगोटीच्या नावाखाली चांगलं तेही काढून टाकलं नाही ना? म्हणून या प्रवासात नवे गालिचे आणि नवे दिवे याकडे लक्ष कमी दिलं. गर्दी कुठे तुंबते, कुठल्या खोलीत माणसं खरोखर बसतात आणि कुठून नुसती निघून जातात, हे जास्त पाहिलं. बोटीची डागडुजी जमली की नाही ते यावरूनच कळतं.

जूनमधली फेरी, सात रात्री, मध्ये एकही बंदर नाही.

निघण्याआधी

पुण्याहून जाणाऱ्याची खरी परीक्षा व्हिसाची. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हींचे लागतात. ब्रिटनचा अर्ज पुण्यातल्या केंद्रात देता येतो. अमेरिकेच्या मुलाखतीला मात्र मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात जावं लागतं आणि तारीख मिळायला महिनोन् महिने जाऊ शकतात. क्रम असा ठेवावा: आधी अमेरिकेचा व्हिसा, मग बोटीचं बुकिंग, शेवटी ब्रिटनचा व्हिसा. उलट गेलात तर बोटीची अनामत अडकून पडते. साउदम्प्टनच्या धक्क्यावर चेक-इनलाच पासपोर्ट उघडून पाहतात. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर चढू देत नाहीत, मग तिकीट कितीही महागाचं असो.

सामानाचा हिशोब विमानाच्या वजनाने करायचा. बोटीवर बॅगांच्या संख्येची कटकट नसते, पण मुंबईहून लंडनला आणि न्यू यॉर्कहून घरी विमानानेच जायचं आहे. प्रवासी इस्त्री आणि विजेची किटली घेऊ नका, दोन्ही जप्त होतात. इस्त्री धुलाईच्या खोलीत असते आणि किटली डागडुजीनंतर केबिनमध्येच आली आहे. चहाची पूड आणि मसाला तेवढा डब्यात भरून घ्यावा.

आदला दिवस: साउदम्प्टन

सुटण्याच्या दिवशी सकाळी हीथ्रोला उतरून दुपारी बोट पकडण्याचा बेत कागदावर चांगला दिसतो. विमान चार तास उशिरा आलं की तो कागदावरच राहतो. एक मुक्काम साउदम्प्टनला हवाच. हीथ्रोच्या मध्यवर्ती बस स्थानकावरून थेट बस मिळते, दोनेक तास लागतात. लंडनमध्ये जाऊन ट्रेन बदलण्यापेक्षा बॅगांसकट हे सोपं. संध्याकाळी गावाच्या मध्ययुगीन तटबंदीवरून फेरफटका मारावा. जूनमध्ये तिथे रात्री सव्वानऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवणाची वेळ चुकते आणि बहुतेक स्वयंपाकघरं आपल्याआधी बंद होतात. पुण्यात पावसाची वाट पाहत निघालेल्यांना इथे अंगात स्वेटर घालावा लागतो.

पहिला दिवस: चढणं आणि सोलेंट

धक्क्यावरून आधी दिसते ती बोटीची नाकाची बाजू. ३४५ मीटर लांबीच्या या बोटीचा पुढचा भाग आजच्या क्रूझ जहाजांच्या मानाने फारच लांब आणि निमुळता आहे. तिथे जागा मोडली म्हणजे तेवढ्या केबिनी कमी, तेवढं उत्पन्न कमी. पण अटलांटिकच्या लाटा समोरून घ्यायच्या तर तिथे केबिनी चालत नाहीत. स्टीफन पेन या नौका-रचनाकाराने ही बोट आखली, फ्रान्समध्ये सॅं-नाझेर इथे ती बांधली आणि जानेवारी २००४ मध्ये दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या हस्ते तिचं नामकरण झालं. बोटीचा काळा सांगाडा (म्हणजे खालचं मुख्य अंग), पांढरा वरचा भाग आणि लालसर चिमणी हे २०१६ मध्येही तसंच ठेवलं.

चढल्यावर तीन कामं लगेच उरकावीत. पहिलं, आपत्कालीन जमण्याची जागा पाहून हजेरी लावणं. ते झाल्याशिवाय बोट सुटत नाही. दुसरं, रेस्टॉरंटच्या प्रमुखाला गाठून शाकाहारी जेवणाची नोंद बरोबर झाली आहे का ते विचारणं. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवलेलं असावं, बोटीवर सांगून कांदा-लसणाशिवायचं नीट मिळेल याची खात्री नाही. तिसरं काम म्हणजे जिने पाठ करणं. पुढून मागे ए, बी, सी, डी असे चार जिने आहेत. आपली केबिन कुठल्या अक्षराजवळ आहे ते लक्षात ठेवलं की अर्धं हरवणं वाचतं.

केबिनीबद्दल थोडं सविस्तर. डेक ४, ५ आणि ६ वरच्या बाल्कन्या सांगाड्यातच कोरलेल्या आहेत. कठड्याच्या जागी पोलादी भिंत आहे. खुर्चीत बसलं की समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. पण वारा लागत नाही, आणि अटलांटिकवर हा सौदा फायद्याचा आहे. वरच्या डेकांवर काचेचे कठडे आहेत, तिथून दृश्य छान दिसतं, मात्र जूनमध्येही तिथे फार वेळ बसवत नाही. डेक ८ वर पुष्कळ केबिनींसमोर जीवरक्षक नौका आडव्या येतात. भाडं कमी का, हे तिथे कळतं. पश्चिमेकडे जाताना डावी बाजू दक्षिणेला असते, म्हणजे ऊन तिकडे. न्यू यॉर्कला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळाही डावीकडेच दिसतो. पैसे तेवढेच पडत असतील तर डावी बाजू घ्या.

संध्याकाळी बोट सुटताना भोंगा वाजतो, तो खालच्या पट्टीतला ‘ए’ स्वर. चिमणीवरच्या भोंग्यांपैकी एक १९३० च्या दशकातल्या मूळ ‘क्वीन मेरी’चा आहे, ती बोट आता कॅलिफोर्नियात लाँग बीचला कायमची उभी आहे. आवाज दहा मैलांवर ऐकू जातो म्हणतात. चिमणीजवळच्या डेकवर उभं राहिलं की छातीत आधी जाणवतो आणि कानात नंतर.

साउदम्प्टनहून बाहेर पडताना सोलेंट या सामुद्रधुनीत ब्रॅम्बल नावाच्या वाळूच्या उथळ पट्ट्याला वळसा घालावा लागतो. एवढी मोठी बोट काउझ गावासमोर जवळपास काटकोनात वळते. हे वळण पाहायला डेक ११ वरच्या पुढच्या उघड्या सज्ज्यावर जावं. तिथून खाली बघितलं की नाकाजवळच्या डेकवर पांढऱ्या रंगाची मोठी पाती मांडलेली दिसतात. शिल्प वाटतं, ती प्रोपेलरची जादा पाती आहेत.

दुसरा दिवस: बुफे, नवी बैठक आणि जास्तीचा तास

जुन्या बोटीवर सगळ्यात जास्त शिव्या खाल्लेली जागा म्हणजे डेक ७ वरचं ‘किंग्ज कोर्ट’. तिथे ‘कार्व्हरी’, ‘लोटस’, ‘ला पियाझा’ आणि ‘शेफ्स गॅली’ असे चार वेगवेगळे कोपरे होते. रात्री प्रत्येकाचं निराळं रेस्टॉरंट व्हावं म्हणून मध्ये भिंती आणि आडोसे. सकाळच्या न्याहारीला त्याचा परिणाम असा की अंडी एका टोकाला, टोस्ट दुसरीकडे, आणि हातात गरम कॉफी घेतलेला माणूस उलट्या दिशेने येतोय. त्यातच बोटीच्या पुढच्या भागातून मागे जाणारी माणसंही याच बोळांतून चाललेली.

आता आडोसे गेले. वाढण्याचे ओटे सलग झाले, दोन्ही बाजूंना बऱ्याच अंशी सारखेच पदार्थ ठेवतात आणि खिडकीकडेने चालायला वाट मोकळी राहते. सकाळी नऊला, म्हणजे ऐन गर्दीतही, थाळी घेऊन टेबल गाठायला वेळ लागला नाही. संपूर्ण डागडुजीत हा बदल सगळ्यात मोलाचा, आणि त्याचा फोटो काढण्यासारखं त्यात काहीही नाही.

दुसरा चांगला बदल त्याच डेकवर. ‘विंटर गार्डन’मध्ये वेताच्या खुर्च्या, छतावर रंगवलेली झाडं-वेली आणि खोट्या काचघराचा देखावा होता. लोक तिथून ये-जा करत, बसत नसत. त्या जागी आता ‘कॅरिन्थिया लाउंज’ आहे. कंपनीच्या जुन्या बोटींचं नाव. सकाळी हलकी न्याहारी, दुपारी छोट्या बशांमधलं खाणं, संध्याकाळी वाइन. खुर्च्या खिडकीकडे तोंड करून मांडल्या आहेत. साडेदहा वाजता जागा मिळत नाही, यातच काय ते आलं.

‘टॉड इंग्लिश’ रेस्टॉरंटच्या जागी डेक ८ वर ‘व्हरांडा’ आलं. तिथे ज्यादा पैसे पडतात आणि सगळा भर मांसाहारावर. शाकाहारी माणसाने तिथे पैसे घालवू नयेत.

पश्चिमेकडच्या फेरीत पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं. जूनमध्ये ब्रिटन आणि न्यू यॉर्क यांच्यात पाच तासांचा फरक असतो, तो असा हप्त्याहप्त्याने फिटतो. म्हणजे पाच दिवस २५ तासांचे. विमानाने गेलं की हेच पाच तास एकदम अंगावर येतात. इथे न्यू यॉर्कला उतरताना झोप जागच्या जागी असते. मोबाइलचं घड्याळ मात्र आपोआप बदलेल यावर विसंबू नका. विमान मोडवर असेल तर तो जुनीच वेळ दाखवतो आणि जेवणाची पाळी चुकते. केबिनमध्ये रात्री सूचनेचा कागद येतो, तो वाचावा.

डेक ७ वर बोटीला पूर्ण वळसा घालणारी सागवानी वाट आहे. तीन फेऱ्या म्हणजे १.१ मैल, साधारण पावणेदोन किलोमीटर. तशी पाटीच लावलेली आहे. सकाळी तिथे पर्वतीच्या पायऱ्यांवर असते तशी नेमाने येणाऱ्यांची मंडळी दोन दिवसांत तयार होते. ओळखी इथेच होतात. रोज सहा फेऱ्या मारणाऱ्या एका स्कॉटिश आजोबांनी आमच्यातल्या एकाला कोणत्या कोपऱ्यावर टोपी धरायची ते शिकवलं.

तिसरा दिवस: समोरून वारा

दुपारी बाराला कप्तान स्वतः ध्वनिक्षेपकावर येऊन जागा, वेग, वारा आणि समुद्राची खोली सांगतो. आज वारा समोरून २५ नॉट आणि बोटीचा वेग २१. डेकवर उभ्या माणसाला दोन्हींची बेरीज लागते: ४६ नॉट, म्हणजे ताशी ८५ किलोमीटर. वरचे उघडे डेक बंद केले आणि जिन्यांपाशी कागदी पिशव्या ठेवल्या. त्या कशासाठी ते सांगायला नको.

बोट हलते ती दोन तऱ्हांनी. डावी-उजवी डुलते आणि पुढची-मागची वरखाली होते. डुलणं कमी करायला सांगाड्याच्या बाजूंनी पंखांसारखे स्थिरक बाहेर येतात. वाहत्या पाण्यावरच त्यांचा जोर चालतो, म्हणून बोटीला वेग असेल तेव्हाच ते उपयोगी. वरखाली होण्यावर त्यांचा इलाज नाही. तिथे फक्त बोटीची लांबी कामाला येते. दोन लाटांमध्ये १० सेकंदांचं अंतर असेल तर खोल समुद्रात लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते. ३४५ मीटरची बोट दोन लाटांवर आरामात रेलते. अंतर १४ सेकंदांवर गेलं की तीच लांबी ३०६ मीटर होते आणि मग एवढी बोटही नाक वरखाली करायला लागते. म्हणून दिसायला उग्र, फेसाळ समुद्र कधी कधी सोसतो आणि लांबून आलेली गुळगुळीत लाट पोट ढवळते.

उपाय साधे आहेत. मधल्या भागात, खालच्या डेकवर राहावं. नाट्यगृह आणि ‘कमोडोर क्लब’ अगदी पुढे आहेत, हेलकावा तिथे सगळ्यात मोठा. अशा दिवशी तिकडे फिरकू नये. ॲव्होमिनसारखी गोळी डॉक्टरांना विचारून सोबत आणावी आणि त्रास सुरू होण्याआधी तासभर घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. तिने गुंगी येते हेही लक्षात ठेवावं. उपाशी राहू नये. कोरडा टोस्ट, हिरवं सफरचंद आणि आलं बोटीवर केव्हाही मागितलं तर मिळतं.

यंत्रांबद्दल एवढंच: चार डिझेल इंजिनं आणि दोन गॅस टर्बाइन वीज तयार करतात आणि ती सांगाड्याखालच्या चार पॉडमधल्या, म्हणजे प्रोपेलर बसवलेल्या कप्प्यांमधल्या, मोटरी फिरवते. बोट ३० नॉटपर्यंत धावू शकते. सात रात्रींच्या वेळापत्रकात त्याची गरज पडत नाही. तो वेग उशीर भरून काढायला राखीव. वाऱ्यात काही तास गेले तरी न्यू यॉर्कची वेळ चुकली नाही, ती त्यामुळेच.

चौथा दिवस: जेवण, पेहराव, शेजारी

समुद्र निवळला. ‘ब्रिटानिया’ रेस्टॉरंटमध्ये आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा मडगावचा. ब्रिटिश बोटींवर गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या काम करत आली आहेत. त्याने मराठी ऐकल्यावर दुसऱ्याच रात्री हळूच विचारलं होतं, “काकू, उद्या डाळ सांगू का किचनला? आज सांगितलंत तरच होईल.” हा कानमंत्र सगळ्यांसाठी: भारतीय जेवण हवं तर आदल्या रात्री सांगायचं. ऐनवेळी मागितलं तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता समोर येतो. डाळ आली, चांगली होती, तिखट नव्हती. दुपारी डेक २ वरच्या ‘गोल्डन लायन’ पबमध्ये करी मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. रोज मात्र शाकाहारी असेलच असं नाही.

साडेतीनला ‘क्वीन्स रूम’मध्ये चहा. पांढरे हातमोजे घातलेले वेटर रांगेने येतात, तारवाद्यांवर संगीत, काकडीची सँडविचेस आणि स्कोन. सव्वातीनला जाऊन बसावं, साडेतीनला दारात रांग असते. हे डागडुजीत बदललं नाही. बदललं असतं तर प्रवाशांनी बंड केलं असतं. चहा मात्र आपल्याकडच्या माणसाला पातळच लागतो, तेव्हा केबिनमधली किटली आणि डब्यातली पूड.

संध्याकाळी सहानंतर नीटस कपडे आणि सात रात्रींत दोनदा पूर्ण औपचारिक पेहराव. आपल्याला यात अडचण नाही. राष्ट्रीय पोशाख चालतो, त्यामुळे बंदगळा किंवा शेरवानी घेतली की टक्सिडो भाड्याने घेण्याची भानगड नको. पैठणी नेसलेल्या दोघींना त्या रात्री जिन्यावर जितक्या लोकांनी थांबवून पदराबद्दल विचारलं, तितकं बोटीच्या छायाचित्रकारालाही कुणी विचारलं नसेल. नटायचं नसेल त्या रात्री ‘किंग्ज कोर्ट’ आणि पब खुले असतात.

एकट्यांसाठीच्या १५ केबिनी डेक २ आणि ३ वर, पूर्वी सार्वजनिक जागा होत्या तिथे काढल्या आहेत. त्यामुळे खिडक्या नेहमीपेक्षा मोठ्या. आधी एकट्या माणसाला दोघांच्या केबिनीचे जवळपास दुप्पट पैसे मोजावे लागत. आता या केबिनींचं भाडंही स्वस्त नाही आणि १५ म्हणजे नगण्यच, पहिल्या झपाट्यात संपतात. वेळापत्रक जाहीर होताच आरक्षण केलं तरच मिळेल. वाढलेल्या केबिनींत यांची संख्या दुप्पट ठेवून वरच्या ३० कमी केल्या असत्या तर बरं झालं असतं.

कुत्र्यांची सोय डेक १२ वर. अटलांटिकवर नियमाने कुत्री-मांजरं नेणारी ही एकच मोठी प्रवासी बोट. न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवणाऱ्या एका इंग्रज जोडप्याने म्हाताऱ्या लॅब्राडॉरला विमानाच्या पोटात कोंडायचं नाही म्हणून ही फेरी धरली होती, आणि पिंजऱ्याची जागा मिळेल त्या तारखेला स्वतःचं तिकीट काढलं होतं. आत मालकांनाच सोडतात. कुत्र्यांच्या अंगणात ब्रिटिश पद्धतीचा दिव्याचा खांब आणि अमेरिकन पद्धतीचा आगीचा नळ, असे दोन्ही उभे केले आहेत. त्यांचा लॅब्राडॉर चौथ्या दिवसापर्यंत खांबाशीच एकनिष्ठ होता.

पाचवा दिवस: धुकं

सकाळी खिडकीबाहेर काहीच नाही. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सवर लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं उबदार पाणी शेजारी येतात. उबदार हवा थंड पाण्यावर सरकली की धुकं धरतं, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते सगळ्यात दाट. बोट चालू असताना धुक्यात दोन मिनिटांच्या आत एक दीर्घ भोंगा द्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो दिवसभर वाजला. पुढच्या भागात केबिन असेल आणि झोप हलकी असेल तर कापसाचे बोळे जवळ ठेवा.

बाराच्या घोषणेत कप्तानाने टायटॅनिकचा उल्लेख केला. १९१२ च्या १५ एप्रिलला पहाटे बुडालेली ती बोट याच भागात दक्षिणेकडे सुमारे ३,८०० मीटर खोल आहे. वसंतात हिमनग खाली येतात तेव्हा मार्गच दक्षिणेला सरकवतात, त्यामुळे अंतर दर फेरीला वेगळं पडतं. घोषणा झाली आणि कॅरिन्थियातल्या अर्ध्या लोकांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पांढरं धुकं. मग सगळे पुन्हा सूपकडे वळले.

धुक्याच्या दिवशी तारांगणाला गर्दी होते. ‘इल्युमिनेशन्स’ हे सभागृह एरवी व्याख्यानं आणि चित्रपटांसाठी. तारांगणाच्या खेळाला छतातून घुमट खाली उतरतो. घुमट सगळ्या खुर्च्यांवर पोचत नाही. मधल्या, मागे कलणाऱ्या खुर्च्या धरल्या तरच खेळ नीट दिसतो, म्हणून वीस मिनिटं आधी जावं. वाचनालय डेक ८ वर अगदी पुढे. हजारो पुस्तकं आणि समोर समुद्र. तिथल्या खिडकीजवळच्या खुर्च्यांवर शाल टाकून जागा धरणारे लोक सर्व देशांत सारखेच.

सहावा आणि सातवा दिवस

गल्फ स्ट्रीमवर आलो आणि एका रात्रीत स्वेटर बॅगेत गेले. हवा दमट, कोकणातल्यासारखी.

धुलाईची यंत्रं आणि साबण फुकट. सकाळी तिथे नंबर लावावा लागतो. संध्याकाळच्या जेवणाच्या पाळीत यंत्रं रिकामी असतात. प्लगचं एक सांगायला हवं: आपला गोल पिनांचा प्लग ब्रिटिश सॉकेटमध्ये बसत नाही आणि अमेरिकन सॉकेट ११० व्होल्टचं असतं. एक अडॅप्टर पुरतो, पण दोघांच्या केबिनमध्ये दोन हवेत.

बोटीवरचं चलन डॉलर. टिप दर दिवशी माणशी आपोआप खात्यावर चढते. शेवटच्या आदल्या दिवशी स्वागतकक्षातून बिलाची प्रत घेऊन तपासावी, कारण सातव्या दिवशी तिथली रांग जिन्यापर्यंत जाते. सातव्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. ज्यांना लवकर उतरायचं आहे त्यांनी सगळं सामान स्वतः ओढत न्यायचा पर्याय घ्यावा, तासभर तरी वाचतो. दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत. पासपोर्टही.

उरलेलं लोणचं, फळं, मांसाचे पदार्थ आता संपवा. अमेरिकेच्या सीमाशुल्क तपासणीत खाण्याचं काहीही असेल तर सांगावं लागतं. लपवलेलं सफरचंदही दंडाला कारण होतं.

आठवा दिवस: न्यू यॉर्क

गजर पहाटे चारचा. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आत उगवतो, पण बंदराच्या तोंडावरचा व्हेराझानो पूल त्याआधीच येतो. हा पूल डोक्यावरून जाताना प्रत्येकाला चिमणी धडकणारच असं वाटतं. बोटीची उंची याच पुलाचा विचार करून आखली आहे आणि भरतीच्या वेळी चिमणी आणि पूल यांच्यात जेमतेम काही मीटरच राहतात. उन्हाळ्यात पुलाचे पोलादी दोर प्रसरण पावतात आणि थंडीच्या मानाने रस्ता सुमारे साडेतीन मीटर खाली येतो, त्यामुळे जूनमध्ये हे दृश्य जास्त थरारक. चिमणीच्या मागच्या बाजूला, वरच्या डेकवर उभं राहावं. नाकाकडच्या सज्ज्यावरून पूल दिसतो, पण चिमणी आणि पूल यांतली फट दिसत नाही.

पुढे पुतळा डावीकडून जातो आणि बोट उजवीकडे ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्याला लागते. मॅनहॅटनमध्ये उतरू अशी समजूत असेल तर ती सोडा. टॅक्सीची रांग लांब असते. धक्क्याशेजारीच फेरीबोटीचा थांबा आहे, बॅगा हलक्या असतील तर आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून ठेवा. पासपोर्टची तपासणी धक्क्यावरच होते. घरी परतायचं विमान संध्याकाळी सहाच्या आधीचं घेऊ नका.

दिशा निवडायची सोय असेल तर पश्चिमेकडचीच घ्या. पूर्वेकडच्या फेरीत घड्याळ दुपारी बाराला एक तास पुढे करतात, म्हणजे बाराचा एकदम एक होतो. न्याहारी पचायच्या आत जेवणाची वेळ, आणि साडेतीनच्या स्कोनला पोटात जागा नाही.